चुकण्यासाठी हक्काची जागा

(वाटूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आरोग्यावरचे व्याख्यान म्हटले की नवे औषध, नवे यंत्र किंवा मोठा दवाखाना हे विषय ओघाने येतात. औषध शोधणाऱ्याविषयी आणि लिहून देणाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते बाटलीतून काढून, मोजून, रुग्णाच्या शिरेत किंवा तोंडात घालणाऱ्या हातांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. हे हात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचे असतात, उपकेंद्रातल्या एएनएमचे असतात, आशाताईचे आणि अंगणवाडीताईचे असतात. मुलगा-सून पुण्याला कामाला गेले की घरातल्या म्हाताऱ्याला वेळेवर गोळी देणाऱ्या शेजारणीचेही असतात. आज या हातांच्या शिक्षणाविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी जगभर वापरात येऊ लागलेल्या एका साधनाची, आभासी वास्तवाची, म्हणजे व्हीआरच्या चष्म्याची पारख करायची आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणूस चुकून शिकतो हे आपण सुतार, गवंडी, वाहनचालक सगळ्यांच्या बाबतीत मान्य करतो. पण औषध देणाऱ्याला चुकून शिकण्यासाठी रुग्णाच्या अंगाखेरीज दुसरी जागा आपण दिलेलीच नाही. आभासी वास्तव ती जागा देऊ शकते. मात्र काही अटी पाळल्या तरच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचे गाव आहे. ३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार. त्या दिवशी तिथल्या केंद्रावर पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सगळी मुले वाचली. त्यानंतर चौकशी आणि निलंबन या दोन गोष्टी झाल्या आणि बातमी मागे पडली. ही हयगय गंभीरच होती. पण प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणा. कोविडचे दिवस, टेबलावर लस आणि तिच्या शेजारी सॅनिटायझर, समोर रडणारी मुले, घाईला आलेल्या आया, सकाळपासून तेच ते काम. अशा वेळी हात सवयीने बाटलीकडे जातो आणि डोळ्यांना जे अपेक्षित असते तेच डोळे पाहतात. निलंबनाने त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांना शिक्षा मिळाली, पण पुढच्या मोहिमेत दुसऱ्या गावातल्या टेबलावर बसणाऱ्या ताईच्या हाताला त्यातून कोणती नवी सवय लागली? हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या घटनेतून आपण काही शिकलो असे म्हणता येणार नाही.

अशा चुका अडाणीपणातून होतात आणि आपल्याकडेच होतात, हा समजही सोडायला हवा. सप्टेंबर २०१४ मध्ये सिरियातल्या इदलिब प्रांतात गोवरची लस पातळ करण्याच्या द्रवाऐवजी अ‍ॅट्राक्युरियम हे शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि १५ बालके दगावली. मार्च २०१९ मध्ये हैदराबादच्या नामपल्ली भागातल्या सरकारी दवाखान्यात लसीकरणानंतर पॅरासिटॅमॉलऐवजी ट्रॅमाडॉल या जहाल वेदनाशामकाच्या गोळ्या हातात पडल्या आणि त्यातही तान्ह्या जिवांचा बळी गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘इजा न करणारे औषध’ या आशयाची जागतिक मोहीमच सुरू केली. औषधांतल्या चुकांपायी जगाला दरवर्षी ४२ अब्ज डॉलर मोजावे लागतात, असा तिचा अंदाज आहे. या घटनांतल्या माणसांना नियम माहीत नव्हते असे नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवते. नियम तोंडपाठ असणे वेगळे आणि गर्दीत, घाईत, थकलेल्या हाताला तो आठवणे वेगळे. आपली बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या गोष्टीवर थांबतात.

एक अगदी साधी वस्तू जवळून पाहू. इन्सुलिन. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे असते. पण १०० युनिट तीव्रतेचेही मिळते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत, हातात १०० ची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज आहे असे समजा. सिस्टरने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले तर आत अर्धा मिली द्रव येतो, आणि त्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. अडीच पट. रुग्णाची साखर झपाट्याने उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. उलट ४० ची बाटली आणि नारिंगी टोपी अशी जोडी जमली तर २० च्या रेघेवर फक्त ८ युनिट मिळतात, साखर उतरत नाही, आणि औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवली जाते. दोन्ही वेळा सिस्टरने आकडा बरोबरच वाचलेला असतो. चूक टोपीच्या रंगात आणि लेबलावरच्या बारीक अक्षरात दडलेली असते. हे फळ्यावर समजावता येते, पण बाटली आणि सिरिंज एकत्र पाहूनच द्रव ओढायचा ही सवय फळ्यावर लागत नाही. ती हातानेच, पुन्हा पुन्हा करून लागते.

सवयीचा खरा शत्रू म्हणजे व्यत्यय. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातल्या दोन मोठ्या रुग्णालयांत ९८ परिचारिका ७२० रुग्णांना औषधे देत असताना संशोधकांनी शेजारी उभे राहून ४,२७१ वेळा निरीक्षण केले. २०१० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक वेळा औषध देताना कोणीतरी मध्येच बोलावलेले किंवा थांबवलेले आढळले, आणि प्रत्येक व्यत्ययासोबत औषधाच्या प्रत्यक्ष चुकांचे प्रमाण सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. मोठ्या, सुसज्ज रुग्णालयांची ही गोष्ट. आपल्याकडे एकाच सिस्टरला केसपेपरची रांग, प्रसूतीची खोली, लसीचे फ्रीज आणि मोबाइलवर भरायची माहिती हे सगळे सांभाळावे लागते. प्रशिक्षणाच्या वर्गात मात्र शांतता असते. पंखा फिरत असतो, कोणी हाक मारत नाही, आणि समोरच्या टेबलावर एकच बाटली ठेवलेली असते. पोहायचे धडे कोरड्या ओट्यावर दिल्यासारखे हे शिक्षण आहे.

इथे आभासी वास्तवाचे काम सुरू होते. डोळ्यांवर चष्मा चढवला की आत औषधांचे कपाट, खाट, रुग्ण आणि दार दिसते. मान वळवावी तसे दृश्य वळते आणि हातातल्या दोन दांड्यांनी बाटली उचलता येते, लेबल फिरवून वाचता येते, रुग्णाला नाव विचारता येते. मग प्रसंग घडवता येतो. समजा गरोदर बाईला झटके आले आहेत. सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे एएनएमने पहिली मात्रा म्हणून मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम द्यायचे, ५ ग्रॅम एका कुल्ल्यात आणि ५ दुसऱ्यात, खोल स्नायूत, आणि बाईला लगेच मोठ्या रुग्णालयाकडे हलवायचे. अ‍ॅम्प्युलवर लिहिलेले असते ५० टक्के, २ मिली. म्हणजे एका अ‍ॅम्प्युलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दहा अ‍ॅम्प्युल फोडायच्या, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मिली. टक्के, ग्रॅम आणि मिली यांचे हे गणित, बाईचा नवरा ओरडत असताना आणि रुग्णवाहिकेला फोन लावायचा असताना करायचे. असा प्रसंग एखाद्या सिस्टरच्या वाट्याला वर्ष-दोन वर्षांत एकदा येईल, किंवा येणारही नाही. पण आला की मिनिटांत निस्तरावा लागतो. सर्पदंशाचेही तसेच. प्रतिविषाच्या दहा कुप्या, प्रत्येक कुपीतली भुकटी न हलवता, हळुवार फिरवत विरघळवायची, आणि त्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन तयार ठेवायचे. जे क्वचित घडते आणि घडल्यावर चुकायला वाव देत नाही, त्याचा सराव रुग्णावर करता येत नाही. तो आभासी खोलीत वीस वेळा करता येतो, आणि वीस वेळा चुकले तरी कोणी मरत नाही.

या दाव्याला पुरावा काय, असे तुम्ही विचारायलाच हवे. सरावासाठी खोटी परिस्थिती उभी करण्याची कल्पना जुनी आहे. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच बसून उडायला शिकवणारे यंत्र तयार केले. अमेरिकी लष्कराने ते मनावर घेतले १९३४ मध्ये, टपालाची विमाने चालवताना लागोपाठ वैमानिक मेल्यानंतर. वैद्यकातला नावाजलेला प्रयोग २००२ मध्ये येल विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला शिकणाऱ्या १६ निवासी डॉक्टरांपैकी ज्यांनी आभासी सराव केला होता, त्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या हातून चुका होण्याची शक्यता सहापटीने कमी आढळली. अमेरिकेतल्या दहा परिचर्या अभ्यासक्रमांवर झालेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. प्रत्यक्ष वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अशा सोंगाच्या सरावाने भरून काढले, तरी विद्यार्थिनींच्या ज्ञानात आणि कौशल्यात उणेपणा आला नाही. तरीही या पुराव्याच्या मर्यादा झाकायला नकोत. येलचा प्रयोग १६ जणांचा होता आणि शस्त्रक्रियेचा होता. परिचर्येच्या अभ्यासातले सोंग बहुतांशी पुतळ्यांचे होते, चष्म्याचे नव्हते. औषध देण्याच्या आभासी प्रशिक्षणावरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी शिकणाऱ्याला आत्मविश्वास आला का, एवढेच विचारले आहे. आत्मविश्वास आणि अचूकपणा एक नव्हेत. चुकीचे काम आत्मविश्वासाने करणारा माणूस अधिक धोक्याचा. म्हणून आपल्याकडे हे साधन आणायचे तर आधी आणि नंतर वॉर्डात उभे राहून प्रत्यक्ष चुका मोजायच्या, ही पहिली अट.

एक आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो: खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना हे झेपेल का? याचे उत्तर गडचिरोलीने पंचवीस वर्षांपूर्वीच दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. पुढे देशभरच्या आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. तिथे चष्मा नव्हता. शिक्षण त्यांच्या भाषेत होते, हाताने करून घेतले जात होते, आणि शिकवणारा पुन्हा पुन्हा येऊन पाहत होता. या तीन गोष्टी असतील तर चष्मा त्यांना बळ देईल. त्या नसतील तर सर्वांत महागडा चष्माही कपाटात धूळ खात पडेल. म्हणून दुसरी अट भाषेची. इंग्रजी बोलणारा आभासी रुग्ण आपल्या ताईंच्या कामाचा नाही. ‘बाई, माझ्या पोराला हीच गोळी सांगितली होती का?’ असे आपल्या बोलीत विचारणारा रुग्ण हवा, आणि कपाटात आपल्या दवाखान्यात येतात तीच पाकिटे, तीच लेबले हवीत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. चष्म्यातल्या बाटलीला वजन नसते, अ‍ॅम्प्युलची मान मोडताना काच बोटाला लागत नाही, दट्ट्या ओढताना लागणारा जोर जाणवत नाही. खरे आहे. चष्मा हाताला शिकवू शकत नाही. तो डोळ्याला आणि क्रमाला शिकवतो. काय आधी पाहायचे, काय ताडून पाहायचे, हाक आली तर हातातले काम कुठे थांबवायचे आणि परत आल्यावर कुठून सुरू करायचे, एवढेच त्याचे क्षेत्र. बोटांसाठी पाण्याने भरलेल्या कुप्या आणि खरी सिरिंज हवीच. काहींना चष्म्याने गरगरते, मळमळते. त्यांना सक्ती नको. अर्धा तास चष्मा, अर्धा तास पाण्याच्या कुप्या, आणि मग सगळ्यांनी बसून कोण कुठे चुकले यावर मोकळी चर्चा, अशी जोडणी केली तरच ते शिक्षण. त्यातही शेवटची चर्चा हा गाभा समजावा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटतो. पदे रिकामी, पाकिटे एकसारखी, औषधांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती, आणि तुम्ही दोष देता सिस्टरच्या प्रशिक्षणाला? मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी आयुष्यभर हेच सांगितले की मोठी दुर्घटना एका माणसाच्या चुकीने होत नाही. व्यवस्थेतली अनेक भोके एका रेषेत येतात तेव्हा होते, आणि शेवटच्या माणसाला धरणे सोपे असते म्हणून आपण त्याला धरतो. प्रशिक्षण हे रिकाम्या पदाचे उत्तर नाही, हे जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पण आभासी सराव इथेही उपयोगी पडू शकतो. शंभर सिस्टरांनी तेच कपाट हाताळले आणि त्यांतल्या साठ जणींनी एकाच दोन बाटल्यांत गल्लत केली, तर दोष साठ जणींत नसून त्या दोन बाटल्यांत आहे, हे आकड्यांनिशी दिसते. मग त्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, खरेदी करणाऱ्याला वेगळा रंग मागा. कापसी-कोपरीच्या आधी असा एक सराव झाला असता, तर लसीच्या टेबलावर सॅनिटायझर ठेवू नये ही साधी सूचना मुलांना रुग्णालयात न्यावे लागण्याआधीच निघाली असती.

यातूनच तिसरी अट येते, आणि मी तिच्यावर तडजोड करणार नाही. आभासी खोलीत झालेल्या चुकांची नोंद कधीही कोणाच्या गोपनीय अहवालात जाता कामा नये, पगारवाढीला किंवा बदलीला जोडता कामा नये. नोंद नावाशिवाय ठेवावी. ज्या दिवशी चष्म्यातली चूक साहेबांच्या टेबलावर जाईल, त्या दिवसापासून ताई तिथे शिकणे थांबवतील आणि परीक्षा देऊ लागतील. मग हक्काची जागा उरणार नाही. आपल्या दवाखान्यांत ‘थोडक्यात वाचलो’ असे प्रसंग रोज घडतात आणि भीतीपोटी कोणी सांगत नाही. चूक सांगणाऱ्याला संरक्षण मिळाले नाही, तर सगळे तंत्रज्ञान व्यर्थ आहे.

खर्चाचे काय? संगणकाशिवाय चालणारा चष्मा अमेरिकेत २०२० सालीच २९९ डॉलरला विक्रीला आला होता. चष्मा हा खर्चाचा छोटा भाग. खरा खर्च मराठी प्रसंग तयार करण्याचा आणि शिकवणाऱ्याच्या वेळेचा. तो एकेका गावाने उचलू नये. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जालन्यात, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याने नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या मदतीने इन्सुलिन, मॅग्नेशियम सल्फेट, सर्पदंश, लसीकरण आणि वृद्धांची गोळ्यांची पेटी असे पाच प्रसंग तयार करावेत. दोन-चार चष्म्यांचा एक संच तालुक्यातालुक्यांत फिरवावा आणि अनुभवी सिस्टरलाच शिकवणारी नेमावे. सुरुवात परतूर आणि मंठा तालुक्यांतून करावी, वर्षभर चुका मोजाव्यात, आणि फरक पडला नाही तर तसे जाहीर करून थांबावे. संच येईपर्यंतही थांबायचे कारण नाही. रिकाम्या बाटल्यांचे एक कपाट, पाण्याच्या कुप्या आणि मुद्दाम हाक मारणारी एक सहकारी, एवढ्यावर प्रत्येक आरोग्य केंद्रात दर महिन्याला तासभर हा सराव उद्यापासून होऊ शकतो.

श्रोतेहो, आपला वाटा शेवटी सांगतो. घरातल्या वृद्धांच्या गोळ्या कात्रीने कापून पुडीत ठेवू नका; नाव आणि मुदत लिहिलेला पट्टीचा भाग शेवटपर्यंत जपा. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असेल, तर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात जाताना सगळी औषधे पिशवीत घालून सोबत न्या. आणि सरकारी दवाखान्यात गेल्यावर सिस्टर लेबल वाचत उभी असेल, सिरिंजमध्ये औषध भरत असेल, तर आपला नंबर कधी येणार हे त्या क्षणी विचारू नका. तिचे काम पूर्ण होईपर्यंत तिला हाक मारू नका.